प्रसिद्ध व्यक्तींचे फेसलिफ्ट आणि नैसर्गिक दिसणारा चेहरा: ताण नेमका कुठे घेतात?

परिचारिका_आर्वी

सर्वांना नमस्कार. क्रिस जेनर या अमेरिकी दूरचित्रवाणीवरच्या प्रसिद्ध बाईंची २०२५ मधली छायाचित्रे आमच्या आर्वी तालुक्यातल्या महिला बचत गटांच्या व्हॉट्सअ‍ॅपवरही पोहोचली, आणि ६९ व्या वर्षी हा चेहरा असा कसा, हे विचारणारे फोन मला येऊ लागले. मी नागपुरात प्लास्टिक सर्जरीच्या शस्त्रक्रियागृहात परिचारिका म्हणून बरीच वर्षे काम केले असल्यामुळे लोक मला विचारतात. त्याच सुमारास तालुक्याच्या ठिकाणी ‘बिना टाक्याचे फेसलिफ्ट’ असा फलकही लागला. फेसलिफ्ट म्हणजे ओघळलेला चेहरा आणि मान वर उचलून बसवण्याची शस्त्रक्रिया. या दोन गोष्टींचा एकमेकींशी फारसा संबंध नाही, हे समजावून सांगणे मला आवश्यक वाटते, म्हणून हा धागा काढत आहे.

एक विनंती सुरुवातीलाच करते. ज्यांनी स्वतः सांगितले आहे, त्यांच्याविषयीच येथे बोलावे. जेनर यांनी ‘व्होग अरेबिया’ला दिलेल्या मुलाखतीत हे दुसरे फेसलिफ्ट असल्याचे मान्य केले, पहिले २०११ मध्ये झाले होते. फॅशन रचनाकार मार्क जेकब्स यांनी २०२१ मध्ये, वयाच्या ५८ व्या वर्षी, डोक्याला बांधलेली पट्टी आणि निचऱ्याच्या नळ्या यांसह स्वतःचे छायाचित्र जगासमोर ठेवले. आपल्याकडच्या नटनट्यांनी जे सांगितलेले नाही, ते छायाचित्र पाहून ठरवण्याचा अधिकार आपल्याला नाही.

आता मुख्य मुद्दा. चांगले फेसलिफ्ट आणि ओढल्यासारखा दिसणारा चेहरा यांतला फरक शस्त्रक्रियेचा ताण कोणत्या थरावर घेतला आहे यावर अवलंबून असतो. १९०१ मध्ये बर्लिनमध्ये ऑयगेन होलेंडर यांनी पोलंडच्या एका सरदार घराण्यातील बाईंच्या कानापुढची कातडी कापून शिवली, तेव्हापासून पुढची जवळजवळ सत्तर वर्षे फेसलिफ्ट म्हणजे कातडी सैल करणे, ओढणे, उरलेली कापणे आणि शिवणे एवढेच होते. कातडी हा ताणला जाणारा अवयव आहे. तिच्यावर टाकलेला भार ती फार काळ पेलत नाही, पुन्हा सैल पडते, आणि मधल्या काळात व्रण रुंद होतो, कानाची पाळी खाली ओढली जाते आणि तोंड बाजूला ताणल्यासारखे दिसते. स्वीडनचे टॉर्ड स्कूग यांनी १९७४ मध्ये कातडीखालचा थर तिच्यासोबतच उचलण्याची पद्धत मांडली. १९७६ मध्ये मित्झ आणि पेरोनी या फ्रेंच शल्यविशारदांनी त्या थराचे नीट वर्णन केले. चेहऱ्याचे स्नायू आणि त्यांना जोडणारा चिवट पडदा मिळून झालेला हा थर ‘स्मास’ या नावाने ओळखला जातो. बाज झोळ पडली की वरची सतरंजी कितीही ताणली तरी उपयोग होत नाही, अदवाण आवळावी लागते. स्मासचे महत्त्व तेच आहे.

१९९० मध्ये अमेरिकेतील सॅम हॅमरा यांनी ‘डीप प्लेन’ म्हणजे खोल थराची पद्धत प्रसिद्ध केली. या पद्धतीत कातडी आणि स्मास वेगळे न करता एकत्र उचलतात आणि चेहऱ्याला हाडाशी व खोल आवरणाशी धरून ठेवणारे बंध मोकळे करतात. गालाच्या हाडापाशी आणि चघळण्याच्या स्नायूच्या पुढच्या कडेला हे बंध असतात. ते सोडवले नाहीत, तर कानापाशी कितीही ओढले तरी तोंडाजवळचा भाग जागचा हलत नाही. ते सुटले की गालाचा संपूर्ण भाग फारसे ओढावे न लागता वरच्या दिशेने सरकतो.

मी टेबलाशेजारी उभी राहून जे पाहिले, ते सांगते. दिवा लावलेल्या रिट्रॅक्टरने, म्हणजे जखमेची कड उचलून धरणाऱ्या अवजाराने, थर वर धरलेला असतो, आणि पातळ, पारदर्शक आवरणाखाली फेशियल नर्व्हची, म्हणजे चेहरा हलवणाऱ्या मज्जातंतूची फांदी पांढऱ्या दोऱ्यासारखी दिसते. तिच्यावरच हसणे, डोळा मिटणे आणि ओठ हलवणे अवलंबून असल्यामुळे त्या वेळी कोणी बोलत नाही. सर्वांत शेवटी कातडीची वेळ येते. आमचे सर कातडी कानाभोवती नुसती पसरून ठेवत, आणि दोन्ही कडा टाक्याशिवाय एकमेकींना टेकल्या तरच जास्तीची कातडी कापत. टाक्याने कडा जवळ आणाव्या लागत असतील, तर कातडी प्रमाणाबाहेर कापली जाणार आहे, असे ते नव्या डॉक्टरांना सांगत. नैसर्गिक दिसण्याचे सगळे मर्म मला त्या कृतीत दिसले.

म्हणून छायाचित्र पाहताना सुरकुत्या किती गेल्या हे मोजत बसू नये. कानाची पाळी गालाला चिकटून खाली ओढली गेली आहे का, कानापुढची केसांची बट नाहीशी झाली आहे का, हसताना गालावर कानाच्या दिशेने आडव्या रेषा उमटतात का, हे पाहावे. आणि शक्य असेल तर छायाचित्राऐवजी ती व्यक्ती बोलत असतानाची चित्रफीत पाहावी, कारण स्थिर चेहरा पुष्कळ झाकतो आणि हलता चेहरा उघड करतो.

छायाचित्रकार_वरुड

ताई, अतिशय उपयुक्त माहिती. मी लग्नसमारंभांची छायाचित्रे काढतो, त्यामुळे एका बाजूची भर घालतो.

‘आधी’ आणि ‘नंतर’ या दोन छायाचित्रांवर लोक जेवढा विश्वास ठेवतात, तेवढा आम्ही व्यवसायातले लोक ठेवत नाही. प्रकाश डोक्यावरून आला की डोळ्यांखालचे खळगे आणि नाकापासून ओठापर्यंतच्या घड्या गडद होतात. तोच प्रकाश समोरून, मोठ्या पांढऱ्या पडद्यातून आला की त्या निम्म्या दिसेनाशा होतात. हनुवटी थोडी पुढे आणि खाली घेतली तर गळ्याची कातडी ताणली जाते. नवरीच्या आईचे छायाचित्र काढताना आम्ही हेच करतो, आणि त्यात कोणतीही शस्त्रक्रिया नसते. मोबाईलचे अंतरही महत्त्वाचे आहे. २०१८ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी दाखवून दिले की, चेहऱ्यापासून सुमारे १२ इंचांवरून घेतलेल्या सेल्फीत नाक ५ फुटांवरून घेतलेल्या छायाचित्रापेक्षा जवळजवळ ३० टक्के रुंद दिसते. सेल्फी पाहून स्वतःच्या चेहऱ्याविषयी निर्णय घेणाऱ्यांनी निदान एवढे लक्षात ठेवावे.

तुलना प्रामाणिक असेल, तर दोन्ही छायाचित्रांत अंतर, प्रकाश, मानेचा कोन आणि मेकअपचा अभाव सारखा असतो. केस मागे बांधलेले असतात आणि कान दिसतो. कान झाकलेला असेल तर ते छायाचित्र मी मोजत नाही.

शिक्षिका_दर्यापूर

नमस्कार ताई. मी ५२ वर्षांची आहे. मधुमेह झाल्यावर आहार कडक केला, वजन बरेच उतरले आणि चेहरा एकदम ओघळल्यासारखा झाला. शाळेत मुलीही विचारतात की, मॅडम, तुम्ही आजारी आहात का. आई तर दर भेटीत म्हणते, “काऊन वं माय, तोंड एवढं सुकलं?” प्रकृती ठणठणीत असताना रोज आजारी दिसणे मला सहन होत नाही, हे मी येथे मोकळेपणाने लिहिते. तरुण दिसण्याची हौस मला नाही. जशी आहे तशी दिसावे, एवढीच इच्छा आहे. माझ्यासारखीला फेसलिफ्टचा उपयोग होईल का? आणि आपल्या सावळ्या कातडीवर व्रण दिसणार नाहीत का?

परिचारिका_आर्वी

मॅडम, तुमची इच्छा पूर्णपणे रास्त आहे आणि तिच्यासाठी कोणाकडे स्पष्टीकरण देण्याची गरज नाही. मात्र फेसलिफ्ट काय करते आणि काय करत नाही, हे नीट समजून घ्या.

चेहरा केवळ ओघळत नाही, तो आतून रिकामाही होतो. रोरिच आणि पेसा या अमेरिकी शल्यविशारदांनी २००७ मध्ये दाखवून दिले की चेहऱ्याची चरबी एकसंध नसून वेगवेगळ्या कप्प्यांत असते. हे कप्पे सारख्याच वेगाने बदलत नाहीत. गालाच्या मध्यावरचा खोल कप्पा आटला की वरची कातडी आधार गमावते, आणि जबड्याच्या कडेला भार जमा होतो. वजन झपाट्याने उतरल्यावर हेच अधिक ठळकपणे होते; हल्ली वजन कमी करण्याच्या इंजेक्शनांमुळे परदेशात अशा रुग्णांची बरीच चर्चा आहे. अशा चेहऱ्याची कातडी केवळ मागे नेली, तर तो घट्ट पण खंगलेला दिसतो. म्हणून चांगले शल्यविशारद उचलण्याबरोबर रुग्णाच्याच पोटाची किंवा मांडीची थोडी चरबी काढून, ती स्वच्छ करून, बारीक नळीने गालात भरतात. न्यूयॉर्कचे शल्यविशारद सिडनी कोलमन यांनी ही रीत पद्धतशीरपणे रुळवली. त्यातली काही चरबी शरीर शोषून घेते, त्यामुळे परिणाम ठरण्यासाठी काही महिने थांबावे लागते.

त्याउलट ओघळलेला चेहरा केवळ भरूनच वर आणण्याचा हट्ट धरला, की फिलरची, म्हणजे चेहरा भरण्यासाठीच्या जेलची, इंजेक्शने वाढत जातात आणि चेहरा उशीसारखा फुगतो. काही प्रसिद्ध व्यक्तींविषयी ‘फेसलिफ्ट बिघडले’ असे लोक म्हणतात, तेव्हा तो पुष्कळदा फिलरचा अतिरेक असण्याची शक्यता असते.

फेसलिफ्ट मुख्यतः गालाचा खालचा भाग, जबड्याची कडा आणि मान सुधारते. पापण्यांची शस्त्रक्रिया वेगळी असते. ओठांभोवतीच्या बारीक उभ्या रेषा आणि उन्हाने काळवंडलेली, जाड झालेली कातडी फेसलिफ्टने बदलत नाही, आणि आपल्याकडे शेतात वर्षानुवर्षे उन्हात राबलेल्या बायांच्या चेहऱ्यावर हाच भाग सर्वांत मोठा असतो. सावळ्या कातडीला उन्हापासून नैसर्गिक संरक्षण जास्त असते, त्यामुळे गोऱ्या लोकांपेक्षा बारीक सुरकुत्या उशिरा येतात. परंतु व्रण जाड होण्याची, केलॉइड (जखमेबाहेर पसरणारा फुगीर व्रण) उठण्याची आणि जखमेच्या जागी काळा डाग राहण्याची शक्यता अधिक असते. तुमच्या अंगावर पूर्वीची एखादी जखम, कान टोचल्याची जागा किंवा सिझेरियनचा व्रण फुगलेला असेल, तर ते पहिल्याच भेटीत डॉक्टरांना दाखवा. फेसलिफ्टचा व्रण कानाच्या पुढच्या वळणात, कानामागे आणि केसांच्या कडेत लपवतात. कातडीवर ताण नसेल तर तो बहुधा बारीक रेषेपुरता राहतो. म्हणजे ताण कुठे घेतला हा प्रश्न व्रणालाही लागू पडतो.

साखर ताब्यात असल्याखेरीज कोणताही जबाबदार भूलतज्ज्ञ आणि शल्यविशारद या शस्त्रक्रियेला हात लावणार नाही, कारण मधुमेहात जखम भरायला वेळ लागतो आणि जंतुसंसर्गाचा धोका वाढतो.

दंतवैद्य_दारव्हा

या चर्चेत दातांचा उल्लेख अद्याप आला नाही, म्हणून लिहितो. चेहऱ्याच्या खालच्या एक-तृतीयांश भागाला दात आणि त्यांच्याभोवतीचे हाड आधार देतात. दात काढला की ते हाड झिजू लागते, आणि पहिल्या वर्षात सर्वांत वेगाने झिजते. सगळे दात गेलेल्या माणसाचे ओठ आत वळतात, हनुवटी नाकाच्या जवळ येते आणि तोंडाभोवती घड्या पडतात. हा चेहरा कातडी कितीही उचलली तरी सुधारत नाही. दर्यापूरच्या मॅडमनी आपल्या दाढा शाबूत आहेत का, हे आधी पाहावे, असे मी सुचवेन. माझ्याकडे येणाऱ्या अनेक बायांचे बसलेले गाल नीट बनवलेल्या कवळीने भरून आले आहेत, आणि शस्त्रक्रियेच्या तुलनेत तो खर्च किरकोळ असतो.

दुसरा विषय खर्र्याचा, म्हणजे सुपारी आणि तंबाखूच्या मिश्रणाचा. आपल्या यवतमाळ, वर्धा, चंद्रपूर भागात पानठेल्यावर पन्नीत घोटून दिलेला खर्रा पुरुषच खातात, असा बाहेरच्यांचा समज आहे. बायकाही खातात आणि डॉक्टरांपासून लपवतात. सुपारीमुळे गालाच्या आतली त्वचा तंतुमय आणि ताठ होते, तोंड उघडेनासे होते, आणि पुढे कर्करोगाची भीती असते. तोंड दोन बोटेसुद्धा उघडत नसेल, तर भूल देताना श्वासनलिकेत नळी घालणे कठीण होते. तंबाखूतले निकोटिन बारीक रक्तवाहिन्या आकुंचित करते. फेसलिफ्टमध्ये उचललेल्या कातडीचा कानामागचा टोकाचा भाग रक्तपुरवठ्यापासून सर्वांत दूर असतो, आणि रक्त कमी पडले की तोच प्रथम काळा पडून मरतो. अमेरिकी शल्यविशारद टॉमस रीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत धूम्रपान करणाऱ्या रुग्णांत अशी कातडी मरण्याचा धोका सुमारे १२ पट आढळला होता. खर्र्यात धूर नसला तरी निकोटिन आहेच. शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतर किमान काही आठवडे ते पूर्ण बंद हवे, आणि खरे तर कायमचे. डॉक्टरांनी विचारले असता खोटे सांगितले, तर त्याची किंमत रुग्णाच्या चेहऱ्याला मोजावी लागते.

शेतकरी_नेर

सर्वांचा आदर ठेवून लिहितो. आमच्या गावात स्टोव्हने भाजलेल्या एका मुलीची मान छातीला चिकटली होती, आणि तिच्या शस्त्रक्रियेसाठी घरच्यांनी अनेक महिने हेलपाटे घातले. अशा भागात परदेशी श्रीमंतांच्या फेसलिफ्टवर एवढी चर्चा करणे मला योग्य वाटत नाही. ज्यांच्याकडे पैसा आहे त्यांनी खुशाल करावे, परंतु आपण येथे त्याचे शिक्षण कशासाठी घ्यावे?

परिचारिका_आर्वी

भाऊ, तुमचा आक्षेप मी मनापासून मान्य करते, कारण भाजलेल्या मुलींच्या पट्ट्या मी माझ्या हातांनी बदलल्या आहेत. तरीही दोन्ही गोष्टी एकाच विद्येतून येतात. १७९४ मध्ये लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’मध्ये कावसजी नावाच्या गाडीवानाचे चित्र छापले गेले. टिपूच्या सैन्याने त्याचे नाक कापले होते आणि पुण्याकडच्या एका देशी कारागिराने कपाळाची कातडी वळवून ते पुन्हा बांधले होते. कातडीचा तुकडा कोणत्या रक्तवाहिनीवर जगतो, त्याच्यावर ताण आला तर तो का मरतो, हे ज्ञान त्या नाकासाठी लागले, तुमच्या गावातल्या मुलीच्या मानेसाठी लागले आणि फेसलिफ्टलाही तेच लागते. तेव्हा फेसलिफ्ट करणारा हात कोणाचा असावा, या प्रश्नाचे उत्तरही यातच आहे.

सरकारी नियमांतही हा भेद केलेला आहे. अपघात, भाजणे, कर्करोग यांनंतरची पुनर्रचना आरोग्य विम्यातून वगळता येत नाही. सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया वगळतात. सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियेवर १८ टक्के जीएसटी लागतो, तर जन्मजात व्यंग किंवा इजा दुरुस्त करण्यासाठीच्या शस्त्रक्रियेवर लागत नाही. हा भेद मला न्याय्य वाटतो. भाजलेल्या मुलीला आधी जागा मिळावी, याविषयी माझे आणि तुमचे एकमत आहे.

आणि शिक्षण यासाठी घ्यावे की फलक आपल्या तालुक्यात लागले आहेत. ‘बिना टाक्याचे’ म्हणून जे विकतात, ते बहुधा कातडीखाली काटेरी धागे घालून ती वर ओढणे असते. त्याचा परिणाम थोडा आणि अल्पकाळाचा असतो. फिलरचे इंजेक्शन रक्तवाहिनीत गेले तर कातडी मरू शकते, क्वचित दृष्टीही जाते, आणि ते पार्लरच्या खुर्चीत घेण्याजोगे मुळीच नाही. फेसलिफ्टसाठी जाताना डॉक्टरांची प्लास्टिक सर्जरीतील एमसीएच (या शाखेतील उच्च पदवी) किंवा त्या दर्जाची पदवी पाहावी, महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडील नोंदणी पाहावी, भूलतज्ज्ञ हजर असतात का आणि रात्री रक्तस्राव झाला तर कोण येणार, हे तोंडावर विचारावे. विचारल्यावर रागावणाऱ्या डॉक्टरांकडे जाऊ नये.

छायाचित्रकार_वरुड

ताई, एक शंका आहे. हल्ली प्रत्येक जण डीप प्लेनच उत्तम असे सांगतो. खरोखर तसे आहे का?

परिचारिका_आर्वी

दादा, अमेरिकेत चार नामांकित शल्यविशारदांनी दोन जुळ्या जोड्यांतील चौघींवर चार वेगवेगळ्या पद्धतींनी फेसलिफ्ट केले आणि १० वर्षांनंतरचा आढावा २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या चौघांत स्वतः हॅमरा होते. कोणत्याही एका पद्धतीची निर्विवाद सरशी त्यात दिसली नाही. पद्धतीच्या नावापेक्षा ती पद्धत हातात मुरलेला माणूस महत्त्वाचा, असे माझे मत शस्त्रक्रियागृहातल्या अनुभवावरूनही झाले आहे. पैसा आणि प्रसिद्धी असली तरी धोका टळत नाही. दूरचित्रवाणीवरच्या प्रसिद्ध शेरन ऑसबर्न यांनी २०२१ मधल्या त्यांच्या फेसलिफ्टनंतर दोन्ही डोळे सारखे दिसत नव्हते, असे स्वतः सांगितले आहे. अमेरिकी अभिनेत्री जेन फोंडा यांनी तर आपण फेसलिफ्ट केल्याचा अभिमान नाही आणि चेहरा विद्रूप होण्याआधी थांबायचे ठरवले, असे जाहीरपणे म्हटले. थांबण्याचा हा निर्णयही नैसर्गिक दिसण्याचाच भाग आहे, याकडे मी सर्वांचे लक्ष वेधू इच्छिते.

शिक्षिका_दर्यापूर

सर्वांचे आभार. डॉक्टरसाहेब, माझ्या खालच्या दाढा काढलेल्या आहेत आणि त्या जागी काहीही बसवलेले नाही. ते काम मी आधी करून घेईन. ताई, त्यानंतरही नागपूरला जाण्याचे ठरवले, तर तेथे किती दिवस राहावे लागेल? दर्यापूरहून नागपूर सुमारे २०० किलोमीटर आहे आणि घरी सांभाळायला फक्त मुलगा असतो.

परिचारिका_आर्वी

मॅडम, कातडीखाली रक्त साकळणे ही या शस्त्रक्रियेतील सर्वांत जास्त आढळणारी गुंतागुंत आहे, आणि ती बहुतेक वेळा पहिल्या २४ तासांत होते. एका बाजूचा गाल अचानक दुखू लागतो, ताठ होतो आणि फुगतो; अशा वेळी तातडीने टाके उघडून रक्त काढावे लागते, नाहीतर वरची कातडी धोक्यात येते. म्हणून पहिली रात्र रुग्णालयातच काढा. नळ्या आणि बरेचसे टाके निघेपर्यंत, म्हणजे साधारण आठवडाभर, रुग्णालयापासून अर्ध्या तासाच्या अंतरावर राहण्याची सोय करा; दर्यापूरला परत जाऊन फोनवर विचारण्याजोगे हे दुखणे नाही. रक्तदाब असेल तर तो आधीपासून नियंत्रणात हवा, कारण तो चढला की रक्तस्राव होतो. अ‍ॅस्पिरिन चालू असेल तर ती आपल्या मनाने बंद न करता ज्यांनी दिली त्यांना विचारा.

पहिले दोन आठवडे चेहरा सुजलेला आणि काळानिळा दिसेल, तेव्हा मुलाला आणि विशेषतः आईंना आधीच सांगून ठेवा. कानाची पाळी आणि गालाचा काही भाग काही महिने बधिर राहतो. व्रण लाल असेपर्यंत त्यावर ऊन पडू देऊ नका, नाहीतर तो काळा पडेल. त्यामुळे आपल्याकडे मार्च ते जूनमधली तारीख घेऊ नका, दिवाळीच्या सुट्टीची घ्या. पहिल्या भेटीला जाताना दहा-पंधरा वर्षांपूर्वीचे, कान दिसणारे एखादे छायाचित्र सोबत न्या. तुमची हाडे आणि तुमचे हसू पूर्वी कसे होते, हे डॉक्टरांना त्यावरून कळेल.